वर पोळं, खाली पाक

डोंबिवली पूर्वेला आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, आता मी सांभाळते. सुंठ, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, गुळवेल अशा बरण्यांच्या रांगेत मधाची एक फळी आहे. त्या फळीपाशी गिऱ्हाईक जितकं संशयानं उभं राहतं, तितकं दुसऱ्या कुठल्याच मालापाशी नाही. बाटली उलटी करून बुडबुडा वर कसा चढतो ते पाहतात, उजेडात धरतात, झाकण हुंगतात. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, पोळ्यासकट नाही का मिळत? म्हणजे फसायला नको."

पोळ्यासकट मध घेण्याला चांगली कारणं आहेत. 'फसायला नको' हे त्यातलं नाही. उलट ठाण्या-कल्याणात या मालात जी फसवाफसवी चालते, ती पोळ्याच्याच आडोशानं चालते. आमच्या भागात स्टेशनबाहेर किंवा पुलाखाली मांडी घालून बसलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. समोर ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा प्लॅस्टिकची बादली, तीत तपकिरी द्रव, वर तरंगणारा पोळ्याचा भलामोठा तुकडा, त्यावर चिकटलेल्या पाच-दहा माश्या. माश्या खऱ्या, पोळंही खरं. बघणाऱ्याचं मन तिथंच निश्चिंत होतं आणि खालच्या द्रवाबद्दल कुणी विचारत नाही. गूळ-साखरेच्या पाकात पोळ्याचा तुकडा बुडवला की पाकाला वास येतो, मेणाचे कण येतात, 'जंगली' रंग येतो. एक तुकडा कितीतरी पातेली पुरतो.

ही युक्ती कल्याण स्टेशनच्या पुलाखाली जन्मलेली नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमकं हेच चालायचं. काचेच्या बरणीत मधोमध पोळ्याचा तुकडा ठेवायचा आणि भोवती मक्याच्या स्टार्चपासून केलेलं स्वस्त ग्लुकोज ओतायचं. त्याला कारण होतं एक यंत्र. त्याआधी मध म्हणजे पोळंच. पोळं कापायचं, एकतर तसंच विकायचं किंवा पिळून गाळायचं. 1851मध्ये लॅंगस्ट्रॉथ या अमेरिकी मधपाळानं सरकत्या चौकटींच्या पेटीचं सूत्र शोधलं आणि 1865मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यातला अधिकारी फ्रान्झ फॉन ह्रुश्का यानं मधयंत्र लोकांपुढे आणलं. पिंपात चौकटी उभ्या लावायच्या, दांडा गरगरा फिरवायचा. मध बाहेर फेकला जाऊन पिंपाच्या भिंतीवरून खाली उतरतो, पोळं शाबूत राहतं आणि चौकट परत पेटीत जाते. माश्यांचे कष्ट वाचले, मध स्वस्त झाला, पण तो पातळ आणि निनावी झाला. पातळ वस्तूत काहीही मिसळता येतं. म्हणून तिथल्या गिऱ्हाइकानं हट्ट धरला, की आम्हाला पोळ्यातलाच मध द्या.

पुढची गंमत जास्त बोलकी आहे. 1881मध्ये हार्वे वायली नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एका मासिकात लिहून टाकलं, की आता पोळंसुद्धा पॅराफिनचं करतात, यंत्रानं ग्लुकोज भरतात आणि वरून मेणाचं झाकण लावतात. बातमी वणव्यासारखी पसरली. पुढे त्यानं ती थट्टा होती असं म्हटलं, पण मधपाळांचा धंदा बसायचा तो बसलाच. ओहायोतल्या ए. आय. रूट या मधपेट्यांच्या कारखानदारानं हजार डॉलरचं बक्षीस लावलं, की यंत्रानं बनवून भरलेलं एक तरी पोळं आणून दाखवा. ते कुणी नेलं नाही. हाच वायली पुढे 1906च्या अमेरिकी अन्नशुद्धी कायद्याचा मोठा पुरस्कर्ता ठरला, आणि कायदा आल्यावर लोकांचा बाटलीतल्या मधावर हळूहळू विश्वास बसत गेला. म्हणजे पोळ्याची मागणी चवीसाठी होती त्याहून जास्त अविश्वासापोटी होती. आपल्याकडे आज तीच अवस्था आहे.

आणि अविश्वासाला जागा आहे, हे मी दुकानदार असून नाकारणार नाही. डिसेंबर 2020मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 13 ब्रँडचा मध तपासला. 22 नमुन्यांपैकी जेमतेम 5 सगळ्या चाचण्यांत उतरले. त्यातली एनएमआर नावाची चाचणी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत करून घेतली होती. कंपन्यांनी निष्कर्ष फेटाळले, जाहिराती दिल्या, वाद झाला. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली, की साखरेचे असे पाक बनतात जे आपल्या नेहमीच्या चाचण्यांना खुशाल हुलकावणी देतात. प्रयोगशाळेची ही कथा, तर पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडून काय समजणार? काडेपेटीची काडी बुडवून पेटवणं, टिपकागद, अंगठ्याच्या नखावर थेंब, कुत्रा तोंड लावतो की नाही, या सगळ्या परीक्षा मी काउंटरवर पाहिल्या आहेत. दाट पाक त्या सहज पास होतो आणि पावसाळ्यातला अस्सल पातळ मध नापास होतो. थंडीत मध थिजून रवाळ झाला की लोक बाटली परत आणतात, "खाली साखर बसली." अहो, ते ग्लुकोज आहे, मधाचा तो धर्मच आहे. पोळ्यातला मधही थिजतो, आणि तिथं थिजला की काढणं आणखी अवघड.

मग पोळं नक्की काय सांगतं? एवढंच, की इथं माश्या होत्या. कुठल्या माश्या, कुठल्या फुलांवरच्या, पोळं कुणी आणि कसं काढलं, यातलं काहीही नाही.

तरीही पोळ्यासकट मध विकावा, असं मला वाटतं. हंगामात कधी ओळखीच्या मधपाळाकडून सातेरी माशीच्या पेटीतलं पोळं येतं. पेटीला दोन मजले असतात. खाली राणी अंडी घालते, वर फक्त मध साठतो. आपल्याला हवं असतं ते वरच्या मजल्यावरचं, नव्या मेणाचं पोळं. ते फिकट असतं, जवळजवळ पांढरं. प्रत्येक घरावर मेणाचं झाकण. ते झाकण म्हणजे माशीनं दिलेला दाखला. फुलातल्या रसात निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या पंखांनी वारा घालून ते उडवत राहतात आणि पाणी साधारण वीस टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच घर बंद करतात. झाकलेला मध पिकलेला, उघड्या घरातला कच्चा. कच्चा मध आंबतो आणि बाटलीचं झाकण उघडताना फस्स होतं. सुरी गरम न करता एका दमात चालवायची, तुकडे जाळीवर ठेवून कडा निथळू द्यायच्या, मग डबीत भरायचे. तोंडात टाकलं की झाकणं फुटतात आणि वास आधी नाकात जातो. तो मध गाळलेला नाही, तापवलेला नाही, त्याला वारा लागलेला नाही. जांभळाचा असेल तर किंचित कडसर. हे मात्र बाटलीत मिळत नाही. मेण चघळून थुंकावं. गिळलं तरी काही होत नाही, ते पचत नाही इतकंच.

आता भावाचं बोलू, कारण सगळी मेख तिथं आहे. मेण काही फुकट येत नाही. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथी असतात आणि एक किलो मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. एवढं मेण वीसेक किलो मध तोलून धरतं. मधयंत्रातून काढलेलं पोळं परत पेटीत गेलं की माश्या थेट भरायला लागतात. पोळंच विकलं तर त्यांना पायापासून घर बांधावं लागतं आणि मधपाळाचा तेवढा मध बुडतो. शिवाय सगळे तुकडे सरळ, भरलेले, झाकलेले नसतात, निवड करावी लागते. तेव्हा पोळ्यासकट मध बाटलीतल्या मधापेक्षा महागच असायला हवा, चांगला घसघशीत महाग. आणि रस्त्यावर? तिथं तो बाटलीपेक्षा स्वस्त असतो, वर घासाघीस करून निम्म्यात येतो. जी वस्तू बनवायला जास्त खर्च येतो ती कमी भावात मिळत असेल तर शंका घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. सोन्याच्या पेढीवर आपण हा हिशेब बरोबर करतो.

रस्त्यावरचं पोळं पेटीतलं नसतंच. ते आग्याचं असतं. आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं टांगते, कड्याला, वडाला, आणि आता घोडबंदर रोडच्या, खडकपाड्याच्या, पलावाच्या टॉवरांना. तिला कडा आणि सोळाव्या मजल्याचा सज्जा यात फरक वाटत नाही. त्या पोळ्यात मध असतो फक्त वर, जिथं ते टेकलेलं असतं तिथं. त्या भागाला गावाकडे कांदा म्हणतात. खाली सगळी पिल्लं. जाणता माणूस कांदा तेवढा कापतो आणि पिलावा सोडतो, माश्या पुन्हा बांधतात. घाईत असलेला माणूस आख्खं पोळं खरवडतो. बादलीतला तुकडा जरा निरखून पाहा. काळपट, चिवट, घराघरांत पिवळे-केशरी परागकण आणि मधूनच तांदळासारखं पांढरं काहीतरी. ती पिल्लं आहेत. पिळताना तीही पिळली जातात. शाकाहारी म्हणवणाऱ्या कित्येक घरांत हा 'शुद्ध' मध देवापुढच्या पंचामृतात जातो.

टॉवरांचं आणखी एक आहे. मोहोळ दिसलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाहाकार होतो, पेस्ट कंट्रोलला फोन जातो. रात्री फवारणी, सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा सडा. झाडूवाली तो भरून नेते, हे सगळ्यांना दिसतं. पोळं कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. फवारणीची औषधं तेलकट पदार्थात विरघळणारी असतात आणि मेण ती धरून ठेवतं. पाण्यानं धुऊन जाण्यातली ती गोष्ट नाही. तेव्हा 'आमच्याच बिल्डिंगचं ताजं पोळं' म्हणून कुणी गेटवर अर्ध्या भावात देऊ लागला तर हात आवरा. खरं तर आग्या फिरस्ती आहे, फुलोऱ्यामागे येते आणि हंगाम सरला की आपण होऊन निघून जाते. थोडे दिवस खिडक्यांना जाळी लावून, दिवे विझवून काढता आले तर दोघांचंही भलं होतं. मुलांच्या शाळेच्या वाटेवरच मोहोळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं जाणकार बोलवावा.

काष्ठौषधीवाली आहे, म्हणून एक भर घालते. वजन उतरवायला सकाळी गरम पाण्यात मध घेणारी मंडळी नेमकी 'ताजा, पोळ्यातून टपकणारा' मागतात. सुश्रुतानं मधाचे आठ प्रकार सांगितले आणि नव्या-जुन्यातही भेद केला. नवा मध अंगी लागणारा, जुना मेद झडवणारा. शिवाय मध तापवू नये हे आयुर्वेद बजावून सांगतो. म्हणजे ताजा मध गरम पाण्यात घालून बारीक होऊ पाहणारे ग्रंथाच्या दोन्ही बाजूंनी उलटे चालले आहेत. हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं, पण जुनी बाटली मात्र खपते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. पोळ्यातला असो, बाटलीतला असो, आजीनं कितीही आग्रह केला तरी नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांना तोंड द्यायची त्या आतड्याची तयारी नसते.

आता जो पोळ्यासकट विकणंच खरोखर सोपं, असा एक मध आपल्या डोंगरांत आहे. कारवीचा. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं ठाणेकरांना येऊरच्या वाटेवर ओळखीची आहेत. बोरिवली-येऊरच्या राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 साली ती बहरली. उद्यानातून अर्थातच पानही तोडायचं नाही. पण कारवी माळशेजला आहे, माहुलीला आहे, महाबळेश्वरला आहे. तिचा मध जेलीसारखा थिजून बसतो, ढवळला की सैल होतो, ठेवला की पुन्हा घट्ट. मधयंत्रातून तो नीट सुटत नाही. जगात असे मध मोजके आहेत. स्कॉटलंडमधला हेदरचा असाच, आणि तिथले लोक तो पूर्वापार पोळ्यासकट विकत आले आहेत, कारण त्याला तोच सोपा मार्ग. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत कारवीच्या मधासाठी साखरेची मर्यादा वेगळी लिहिली आहे, इतका तो न्यारा. दिल्लीच्या नियमपुस्तकाला जे झुडूप ठाऊक आहे, त्याचा मध कल्याणच्या एकाही दुकानात नावानिशी मिळत नाही.

महाबळेश्वरला राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, त्यांचा 'मधुबन' मध आहे. 2022 साली तिथलं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, मग कोल्हापूरकडचं पाटगाव झालं. चांगलं झालं. पण ठाणे जिल्ह्यालाही मुरबाड आणि शहापूर आहे. वडिलांच्या वेळी त्या बाजूची कातकरी, ठाकर माणसं बाटलीत मध घेऊन दुकानाच्या पायरीशी बसायची, बाटलीच्या तोंडाला पानाचा बोळा. भाव वडील सांगतील तो. ती माणसं यायची बंद झाली. बाटलीला लेबल नाही, परवाना नाही, मग दुकानदारानं माल घ्यायचा कसा? कायदा त्यांच्या बाजूनं आहे. 2006च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या व्याख्येत मध आणि मेण ही दोन्ही नावं स्वतंत्र लिहिलेली आहेत, म्हणजे ती गोळा करून विकण्याचा हक्क त्यांचा. अडतं ते मधल्या टप्प्यावर. स्वच्छ चौकट, डबी, पॅकिंगची जागा, अन्न परवान्याचा क्रमांक.

हे जमतं, याचा पुरावा माझ्याच बरण्यांत आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी सरकारच्या वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून, वाळवून, थेट मोठ्या कंपन्यांना विकली. करोनाच्या साली, जेव्हा सगळा देश काढे उकळत होता. जे गुळवेलीला जमलं ते मधाला का जमू नये? सातेरीच्या पेट्या द्या, आग्याचा कांदा तेवढा कापायचं शिकवा. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था 1962पासून अशी प्रशिक्षणं देण्यासाठीच आहे. आणि निवडक पोळी डबीत भरून ठाणे, डोंबिवली, कल्याणला आणा. इथल्या गिऱ्हाइकाला पोळं हवंच आहे, रोज मागतं. अर्धा धंदा तर तिथंच झाला.

डबीवर मला चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. गाव, माशी, फुलोरा, पोळं काढल्याचा महिना. एवढं छापलं की पुलाखालच्या बादलीला आपोआप उत्तर मिळतं, कारण बादलीवाल्याला यातली एकही गोष्ट सांगता येत नाही. भाव बाटलीच्या दुप्पट लावा, मी स्वतः गिऱ्हाइकाला मेणाचा हिशेब समजावून सांगेन. काहीजण उठून जातील, जाऊ देत. नोंदणीचे कागद घेऊन कुणी आलं तर पहिला हप्ता मी रोखीनं उचलीन. मधाच्या फळीवर डाव्या हाताला जागा आहे. सध्या तिथं गुलकंद ठेवलेला आहे, तो हलवता येईल.